मोबाईलच्या खेळातली खरेदी आणि दहा तारखेची पोटदुखी

पोटदुखीचा रुग्ण आला की आम्हा डॉक्टरांचे प्रश्न ठरलेले असतात. कुठे दुखते, कधीपासून दुखते, जेवणानंतर की उपाशीपोटी, उलटी होते का, शौचाला साफ होते का. नववीतल्या एका मुलाला घेऊन त्याची आई बोईसरच्या माझ्या दवाखान्यात आली, तेव्हा मीही हेच विचारले. दुखणे बेंबीभोवती. ताप नाही, उलटी नाही, वजन घटलेले नाही. पोट हाताला मऊ. जंताचे औषध देऊन झाले होते, लघवी तपासून झाली होती, सोनोग्राफीतही काही निघाले नव्हते. तरीही चार महिन्यांतली ही चौथी खेप होती.

जुने केसपेपर समोर ठेवून तारखा पाहिल्या. चारही वेळा मुलगा महिन्याच्या आठ, नऊ किंवा दहा तारखेला आला होता. जंतांना आणि मूतखड्याला कॅलेंडर कळत नाही. तारीख पाहून दुखणारे पोट बहुधा मनातले दुखणे सांगत असते. आईला जरा बाहेर बसायला सांगितले आणि मुलाला विचारले, "दहा तारखेला काय असतं रे तुमच्याकडे?"

तो बराच वेळ गप्प राहिला. मग रडायला लागला.

हकीकत अशी. आई तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात पॅकिंगच्या कामाला. पगार सात तारखेला खात्यात जमा होतो आणि दहा तारखेला बचत गटाची बैठक असते. बैठकीला निघण्यापूर्वी आई मुलाच्या हातात मोबाईल देऊन म्हणते, "खात्यात किती आहेत बघ रे." घरात मोबाईलवरचे व्यवहार येतात ते एकट्या या मुलालाच. विजेचे बिल तोच भरतो, किराण्याचे पैसे तोच पाठवतो, पिन नंबर त्यालाच पाठ. आणि गेले चार महिने तो आईला खोटा आकडा सांगत होता. मोठ्या बहिणीच्या नर्सिंगच्या फीसाठी साठवलेल्या पैशांतले साडेअकरा हजार रुपये मोबाईलवरच्या एका बंदुकीच्या खेळात गेले होते. बँकेचे संदेश आले की तो पुसून टाकायचा. दर महिन्याची दहा तारीख जवळ आली की त्याच्या पोटात गोळा उठायचा आणि तो गोळा खरा होता. तो सोंग करीत नव्हता.

"मी चोरी नाही केली हो डॉक्टर," तो म्हणाला. "ऐंशी-ऐंशी रुपयेच घेतले."

या एका वाक्यावर आजचा लेख आहे. कुणाची ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. परंतु अशी घरे पालघर, बोईसर, डहाणू भागात एक-दोन नाहीत, हे माझ्यासारख्या कुठल्याही डॉक्टराला माहीत आहे.

फुकट खेळ, विकत कपडे

ज्या वाचकांनी हे खेळ कधी पाहिले नाहीत त्यांच्यासाठी थोडी माहिती. पूर्वी व्हिडिओ गेमच्या दुकानात रुपयाचे नाणे टाकले की एक डाव मिळायचा. डाव संपला की घरी. आजचे बहुतेक खेळ मोबाईलवर फुकट उतरवता येतात. पैसे लागतात ते खेळाच्या आत. आपल्या खेळाडूला लाल शर्ट हवा, बंदुकीला सोनेरी रंग हवा, नाचण्याची एखादी लकब हवी, संपलेला जीव परत हवा, तर त्याचे पैसे मोजायचे. या बारीकसारीक खरेदीला इंग्रजीत मायक्रोट्रान्झॅक्शन म्हणतात. २००६ साली एका अमेरिकन कंपनीने आपल्या खेळातल्या घोड्याचे चिलखत अडीच डॉलरला विकायला काढले, तेव्हा खेळणाऱ्यांनी त्याची खूप टिंगल केली होती. खेळ विकत घेतल्यावर त्यातल्या घोड्याचे कपडे वेगळे का घ्यायचे, असा त्यांचा सवाल होता. आज जगभर खेळांच्या धंद्याचा मोठा हिस्सा याच घोड्याच्या कपड्यांवर चालतो.

आपल्याकडे ही खरेदी घराघरात पोहोचली ती २०१८ साली मोबाईलवर आलेल्या पबजीबरोबर. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने त्यावर बंदी घातली. जुलै २०२१ मध्ये तोच खेळ भारतापुरता बदलून बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया या नावाने आला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा काढला गेला आणि मे २०२३ मध्ये परतला. फ्री फायरवर फेब्रुवारी २०२२ मध्ये बंदी आली, पण फ्री फायर मॅक्स हा त्याचा भाऊ मुलांच्या मोबाईलमध्ये राहिला. एका खेळात पैशांना यूसी म्हणतात, दुसऱ्यात डायमंड. सर्वांत लहान पुडी शंभर रुपयांच्या आतबाहेर मिळते.

इथे एक मेख आहे. मुलगा रुपये खर्च करीतच नाही, तो यूसी खर्च करतो. रुपये एकदाच जातात आणि त्यांचे टोकन होतात. मग शर्टाची किंमत अशी ठेवलेली असते की पुडीतले थोडे टोकन उरतात, पण त्यात दुसरे काही येत नाही. उरलेले वाया जाऊ नयेत म्हणून आणखी एक पुडी घ्यावी लागते. 'ऐंशी-ऐंशी रुपयेच घेतले' असे त्या मुलाला प्रामाणिकपणे वाटत होते. साडेअकरा हजार त्याने कधी एकत्र पाहिलेच नव्हते. ते त्याने पाहिले माझ्या टेबलावर, मी कागदावर बेरीज केली तेव्हा.

खेळणाऱ्यांचे म्हणणे

या प्रसंगानंतर दोन-तीन महिने मी एक उद्योग केला. बाहेरच्या बाकावर मान खाली घालून खेळत बसलेला रुग्ण आत आला की तपासणी झाल्यावर विचारायचे, "खेळात पैसे घालता का? आणि घालता तर कशासाठी?" ही काही मोजदाद नव्हती, नुसत्या गप्पा होत्या. पण त्यातून मला माझाच एक गैरसमज कळला. खेळणारे सगळे एकसारखे वेडे असतील असे मला वाटत होते. तसे नाही. त्यांचे स्वतःचे नीतिनियम आहेत आणि ते बरेच बारकाईचे आहेत.

औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी करणारा एक उत्तर प्रदेशचा तरुण म्हणाला, "साहेब, दारू नाही, तंबाखू नाही. गावाकडचे चार मित्र रोज रात्री याच खेळात भेटतात. महिन्याला दोनशे रुपये गेले तर काय झालं?" तंबाखूच्या पुड्यांवर महिन्याला त्याहून जास्त घालवणारे रुग्ण मी रोज पाहतो. त्याला उपदेश करण्यासारखे माझ्याकडे काही नव्हते. फक्त झोप पुरी कर, एवढे सांगितले.

डहाणू लोकलने रोज कॉलेजला जाणारा एक विद्यार्थी मात्र ताठ मानेने म्हणाला, "मी आजवर एक रुपया घातला नाही. पैसे देऊन जिंकला तो कसला खेळाडू?" कपड्यांबद्दल त्याची हरकत नव्हती. ज्याला हौस आहे त्याने शर्ट घ्यावा. पण पैसे देऊन बंदुकीचा जोर वाढत असेल तर ती लबाडी, असा त्याचा निवाडा. आणि हे एकट्याचे मत नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २ या खेळात अशी ताकद विकत मिळणार म्हटल्यावर जगभरच्या खेळणाऱ्यांनी एवढा गदारोळ केला, की कंपनीला खेळ बाजारात येण्याच्या सुमारास ती विक्री थांबवावी लागली. जिंकणे विकत मिळू नये, ही भावना हुतुतूच्या मैदानावर जशी होती तशीच मोबाईलवरही आहे.

चाळिशीतल्या एक बाई झोप येत नाही म्हणून आल्या होत्या. रात्री मुले झोपली की त्या मिठाया जुळवण्याचा खेळ खेळतात. पाच जीव संपले की पुढचा जीव मिळायला अर्धा तास थांबावे लागते, किंवा पैसे भरायचे. "एरवी मी दोन रुपयांच्या कोथिंबिरीला भाव करते डॉक्टर, पण तिथं अडकले की ऐंशी रुपये कसे जातात कळत नाही," असे त्या म्हणाल्या आणि नवऱ्याला सांगू नका असेही म्हणाल्या. घालवलेले पैसे थोडे होते. लाज जास्त होती.

मुलांचे म्हणणे आणखी वेगळे. साधे, फुकटचे कपडे घालून कुणी खेळायला उतरला की त्याला नूब म्हणतात, म्हणजे नवखा, अडाणी. त्याला गटात घेत नाहीत, घेतले तर हिणवतात. माझ्या रुग्णाने तो लाल शर्ट याचसाठी घेतला होता. शर्टाने नेम सुधारत नाही, हे त्याला पक्के ठाऊक होते. पण वर्गातली मुले आता त्याला संध्याकाळी खेळायला बोलवीत होती. शाळेत त्याचे बूट फाटके होते, खेळात शर्ट लाल होता. आपण याला मूर्खपणा म्हणावे का? दिवाळीला नवे कपडे मिळाले नाहीत म्हणून घराबाहेर न पडलेली मुले आपल्या पिढीतही होतीच की.

या सगळ्या गप्पांची गोळाबेरीज अशी, की खेळातल्या खरेदीचे तीन प्रकार पडतात. पहिली दिसण्यासाठीची खरेदी, दुसरी जिंकण्यासाठीची आणि तिसरी नशिबाची. पहिलीबद्दल खेळणाऱ्यांना फारसा पश्चात्ताप नसतो. दुसरी बहुतेकांना आवडत नाही, तरी काही जण करतात. तिसरीबद्दल मात्र ज्याला ज्याला विचारले त्याचा चेहरा पडला. आणि डॉक्टर म्हणून मला काळजी वाटते ती या तिसरीचीच.

बंद डबा

तिसरी खरेदी म्हणजे बंद डबा. पैसे भरायचे, डबा उघडायचा किंवा चक्र फिरवायचे. आत काय निघेल ते नशीब. बहुधा किरकोळ काहीतरी निघते, क्वचित दुर्मीळ शर्ट निघतो. आपल्या लहानपणी किराणा दुकानात पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या पुड्या असत. पाच-दहा पैसे देऊन एक पुडी फोडायची, आत बक्षिसाचा नंबर निघतो का ते पाहायचे. विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या यात्रेत साबणावर कडी फेकण्याचा खेळ कुणी खेळला नाही? पण पुठ्ठ्यावरच्या पुड्या संपायच्या आणि यात्रा उठायची. मोबाईलमधली यात्रा उठत नाही.

यामागचे शास्त्र जुने आहे. बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग केले. ठरावीक वेळा टोच मारल्यावर दरवेळी दाणा मिळत असेल, तर दाणा मिळाला की कबूतर जरा थांबते. पण दाणा कधी तिसऱ्या टोचीला, कधी तिसाव्या टोचीला, असा बेभरवशाने मिळू लागला की कबूतर थांबतच नाही. मटका आणि लॉटरी याच तत्त्वावर माणसाला धरून ठेवतात. बक्षीस मिळण्यापेक्षा 'आता मिळेल' ही आशा मेंदूला जास्त चेतवते. त्या वेळी डोपामिन नावाचे रसायन काम करीत असते. आणि 'थांब' म्हणणारा मेंदूचा पुढचा भाग पुरता पिकायला वयाची पंचविशी उजाडते. चौदा वर्षांच्या मुलाच्या गाडीला इंजिन जोरदार असते, ब्रेक अजून बसवायचे असतात.

२०१८ साली झेंडल आणि केर्न्स या दोन संशोधकांनी सात हजारांहून अधिक खेळणाऱ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. बंद डब्यांवर जास्त खर्च करणाऱ्यांमध्ये जुगाराच्या व्यसनाची लक्षणेही जास्त आढळली. डब्यामुळे जुगारी झाले की जुगारी वृत्तीचे लोक डब्याकडे ओढले गेले, हे अशा पाहणीतून ठरत नाही. पण दोन्ही शक्यता काळजीच्याच आहेत. त्याच वर्षी बेल्जियमच्या जुगार आयोगाने काही खेळांतले विकतचे बंद डबे तिथल्या कायद्याने जुगार ठरतात, असा निर्णय दिला. चीनने २०१९ पासून मुलांच्या मासिक खर्चावरच मर्यादा घातली. आठ ते सोळा वर्षांच्या मुलाला २०० युआन, सोळा ते अठराच्या मुलाला ४००.

आपल्याकडचा कायदा काय म्हणतो

ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या संसदेने ऑनलाइन खेळांबाबतचा कायदा मंजूर केला, तेव्हा अनेक पालकांना वाटले की चला, कटकट मिटली. तसे झालेले नाही. पैसे लावून पैसे जिंकण्याच्या आशेवर चालणारे खेळ त्या कायद्याने बंद केले. पण ज्या खेळात पैसे परत मिळण्याची आशाच नाही, नुसता शर्ट मिळतो, तो त्या बंदीत सरळसरळ बसत नाही. त्यामुळे घरातली जबाबदारी घरातच आहे.

दोन गोष्टी मात्र आपल्या बाजूच्या आहेत. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ग्राहकाला फसवून खरेदी करायला लावणाऱ्या युक्त्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली. खोटी घाई करणे, म्हणजे 'फक्त दहा मिनिटे शिल्लक' असे खोटेच दाखवणे, हा त्यातला एक प्रकार. दुसरे म्हणजे १८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार अज्ञान मुलाने केलेला करार कायद्याने टिकत नाही. पैसे परत मागताना तक्रारीत हा मुद्दा जरूर लिहावा. अमेरिकेत फोर्टनाइट या खेळाच्या कंपनीने नकळत झालेल्या खरेदीबद्दल ग्राहकांना २४ कोटी ५० लाख डॉलर परत देण्याचे डिसेंबर २०२२ मध्ये मान्य केले होते. तेव्हा तक्रार करण्यात लाज कसली?

जोगेश्वरीचा मुलगा

आपल्याच रेल्वे लाइनवरची एक घटना वाचकांना आठवत असेल. ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबईत जोगेश्वरीला राहणाऱ्या सोळा वर्षांच्या एका मुलाने आईच्या खात्यातले सुमारे दहा लाख रुपये अशा खेळात घालवले. बातम्यांत पबजीचे नाव आले होते. आईवडिलांना कळल्यावर ते रागावले आणि मुलगा घर सोडून निघून गेला. पोलिसांनी त्याला अंधेरीच्या महाकाली लेण्यांच्या परिसरातून शोधून काढले, समजूत घातली आणि आईवडिलांच्या स्वाधीन केले.

ही बातमी वाचून सगळे दहा लाखांबद्दल बोलले. मला महत्त्वाचा वाटला तो मधला दिवस. पैसे गेल्याचे कळणे आणि मुलगा सापडणे यांच्यामधला. दहा लाख मोठी रक्कम खरी, पण त्या दिवशी त्या आईला रकमेचे काही वाटले असेल का? मुलगा पकडला जातो ती घटका नाजूक असते. तो घाबरलेला असतो, त्याला तोंड दाखवायला जागा नसते. त्या घटकेला आपल्या तोंडून काय निघते यावर पुढचे सगळे अवलंबून असते. मारहाण, 'तोंड काळं कर' अशी भाषा, मोबाईल आपटून फोडणे, हे सर्व त्या दिवशी टाळावे. हिशेब दुसऱ्या दिवशीही होतो.

आजार कधी म्हणायचा?

खेळतो म्हणून कुणी आजारी ठरत नाही. थोडे पैसे घातले म्हणूनही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात खेळाच्या विकाराचा समावेश केला असून ते वर्गीकरण जानेवारी २०२२ पासून लागू झाले. त्यात तीन खुणा सांगितल्या आहेत. एक, खेळण्यावर ताबा राहत नाही. दोन, जेवण, झोप, अभ्यास, माणसे या सगळ्यांपेक्षा खेळ वरचढ होतो. तीन, नुकसान दिसत असूनही खेळणे चालूच राहते किंवा वाढते. हे साधारण वर्षभर चालले आणि त्याने घर, शाळा, नोकरी यांचे खरोखर नुकसान झाले, तर तो विकार. लक्षणे तीव्र असतील तर वर्षभर वाट पाहण्याची गरज नाही.

पालकांनी लवकर ओळखण्यासारख्या खुणा याहून साध्या आहेत. मोबाईलमधले बँकेचे संदेश गायब असणे, खात्याचा विषय निघाला की मुलाने उठून जाणे, सकाळी उठवत नसणे, कारण न सापडणारी डोकेदुखी किंवा पोटदुखी. मात्र एक इशारा द्यायलाच हवा. प्रत्येक पोटदुखी मनाची समजू नका. झोपेतून जागे करणारे दुखणे, बेंबीपासून दूर एकाच जागी टोचणारे दुखणे, ताप, सततच्या उलट्या, शौचातून रक्त, वजन घटणे यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टरांकडे जा, मोबाईलची चौकशी नंतर.

घरी काय करावे

१. मुलाला पिन सांगू नका. ज्या घरी मोबाईलचे व्यवहार मुलालाच येतात, त्या घरच्या आईवडिलांनी त्याच्याकडूनच ते शिकून घ्यावेत आणि मग पिन बदलावा. मुलगा शिकवील आणि त्याला त्याचा अभिमानही वाटेल.

२. मुलाच्या हातात जाणाऱ्या मोबाईलमध्ये बँकेचे खाते किंवा कार्ड जोडलेले ठेवू नका. प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागण्याची सोय असते, ती चालू करावी.

३. महिन्यातून एकदा प्ले स्टोअरमधला खरेदीचा इतिहास आणि चालू वर्गण्या पाहाव्यात. एकदा मंजूर केलेली वर्गणी पुढे आपोआप कापली जाऊ शकते. बँकेच्या पासबुकावर महिन्याला एकदा छाप मारून घ्यावी.

४. बॅटलग्राउंड्ससारख्या खेळात अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी दिवसाला तीन तासांची आणि खर्चाची मर्यादा आहे. पण वय खोटे सांगितले की ती लागत नाही. खाते कुणाच्या वयाने आणि कुणाच्या नंबरवर उघडले आहे ते पाहा.

५. सरसकट बंदीपेक्षा उघड मर्यादा बरी. खाऊच्या पैशांतून, आईवडिलांना सांगून, महिन्याला ठरावीक रकमेचा शर्ट घ्यायला हरकत नाही. बंद डबा आणि चक्र मात्र अजिबात नाही. हा फरक मुलांना पटतो, कारण तो त्यांचाच आहे.

६. अनोळखी माणसाकडून स्वस्तात यूसी, डायमंड किंवा तयार खाते घेऊ नये. तिथे फसवणूक होण्याची भीती मोठी. फसलात तर लगेच १९३० या नंबरवर कळवा.

७. मुलाने न विचारता खरेदी केली असेल तर लगेच परताव्याचा अर्ज करा. पहिल्या ४८ तासांत केलेल्या अर्जाला यश येण्याची शक्यता जास्त. दाद मिळाली नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

८. मुलगा गप्प गप्प राहू लागला, जगण्यात अर्थ नाही असे बोलू लागला, तर त्याला एकटे सोडू नका. टेलिमानस ही सरकारी सेवा १४४१६ या नंबरवर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही मिळते. मुंबईत नायर आणि केईएम रुग्णालयांत मनोविकार विभाग आहेत. मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणे म्हणजे वेड लागणे नव्हे.

त्या मुलाचे पुढे काय झाले?

मुलाच्या संमतीने मी आईला आत बोलावले आणि सगळे सांगितले. ती काही वेळ नुसती टेबलावरच्या बेरजेकडे पाहत राहिली. मग मुलाला म्हणाली, "दाखव बघू तो शर्ट." मुलाने घाबरत खेळ उघडला. लाल शर्ट घातलेला एक उंचापुरा माणूस बंदूक घेऊन उभा होता. तिने तो निरखून पाहिला आणि विचारले, "आणि हा तू घालणार कधी?"

मुलाकडे उत्तर नव्हते. माझ्याकडेही नव्हते.

तिने हात उचलला नाही. घरी गेल्यावर काय बोलणे झाले ते मी विचारले नाही. शेवटच्या दोन खरेद्यांचे पैसे अर्ज केल्यावर परत मिळाले, बाकीचे गेले. बहिणीच्या फीसाठी बचत गटातून उचल घ्यावी लागली. ती फेडण्यासाठी मुलगा सुट्टीच्या दिवशी एका ओळखीच्या दुकानात दोन तास मदत करतो. मोबाईल त्याच्याकडून काढून घेतलेला नाही. संध्याकाळी तासभर तो खेळतो, त्याच लाल शर्टात. आता खात्यात किती आहेत ते आई स्वतः बघते. कसे बघायचे ते त्यानेच तिला शिकवले.

पुढच्या महिन्यात दहा तारखेला मी सहज दाराकडे लक्ष ठेवून होतो. तो आला नाही. त्यानंतर आला तो पावसाळ्यात, सर्दी-खोकला घेऊन.

वाचकहो, आपल्या घरातले मूल मोबाईलमध्ये काय विकत घेते हे जरूर पाहा. पण त्याआधी एकदा त्याच्या शेजारी बसून, न रागावता, त्याला एवढेच विचारा: "हा शर्ट तुला का घ्यावासा वाटला?" त्याचे उत्तर नीट ऐकलेत, तर पुढच्या बऱ्याच औषधांचा खर्च वाचेल.